आचारी, शेफ आणि वाटीभर उप्पीट

('आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास' या रेडिओवरील मालिकेतलं भाषण)

दुपारचं आवरून, ओटा पुसून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. काहीजणी शेतात असतील, मोबाइल बांधावर ठेवून खुरपत ऐकत असतील.

मागच्या भाषणात आपण जात्याचा इतिहास बघितला. आज एका माणसाची गोष्ट आहे. माणूस मुंबईत वाढलेला, मूळ गोव्याचा, फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकात तयार झालेला आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेला. त्याचं नाव फ्लॉइड कार्डोझ. तुम्ही म्हणाल, बाई, न्यूयॉर्कच्या स्वयंपाक्याचं बारामती-इंदापुरात काय काम? सांगते. पण त्याआधी माझ्या आईचं सांगते, कारण तिच्यामुळेच मी हे वाचायला लागले.

माझी आई बारामतीत खानावळ चालवायची. दोन खोल्या, एक चूल, एक रॉकेलचा स्टोव्ह. जेवायला एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टात तारखेला आलेले इंदापूरकडचे लोक आणि कॉलेजात शिकायला आलेली खेड्यापाड्यांतली पोरं. आई पहाटे चारला उठायची. दोन्ही वेळच्या मिळून शे-सव्वाशे भाकरी-चपात्या, आमटी, एक भाजी, भात. सगळं एकटीच्या हाताने, आणि वरकामाला आम्ही पोरी. वडील दिवसभर दुसरीकडे नोकरीला असायचे, पण दारावरच्या पाटीवर 'घरगुती खानावळ' आणि त्याखाली त्यांचं नाव होतं. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आईलाही नाही.

एकदा मोठी पातेली आणि टेबलं घ्यायची म्हणून ती कर्ज मागायला एका बँकेत गेली. मी आठवीत होते, फॉर्म वाचायला मला बरोबर नेलं होतं. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' असा रकाना होता. आई म्हणाली, "खानावळ." समोरच्या साहेबांनी लिहिलं 'गृहिणी', आणि वर म्हणाले, "बाई, स्वयंपाक काय, सगळ्याच बायका करतात." कर्ज मिळालं नाही. घरी येताना आई काही बोलली नाही. आल्या आल्या रात्रीची कणीक भिजवायला बसली.

पुढे मी इतिहास शिकले, शाळेत शिकवला. तो रकाना मात्र डोक्यातून गेला नाही. जे काम सगळ्या बायका करतात म्हणून व्यवसाय ठरत नाही, तेच काम पांढरा कोट घालून एखादा माणूस करतो तेव्हा जग त्याला शेफ म्हणतं आणि त्याच्या हातचं खायला महिना महिना आधी टेबल राखून ठेवतं. हे कधी आणि कसं झालं?

शेफ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ स्वयंपाकी असा नाहीच. त्याचा अर्थ मुख्य, म्होरक्या. पूर्ण शब्द 'शेफ द क्विझीन', म्हणजे मुदपाकखान्याचा मुख्य. हा शब्द जगभर पोचवला तो ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच माणसाने. जन्म 1846, मृत्यू 1935. ऐन तरुणपणी, 1870 च्या युद्धात, त्याने सैन्यात स्वयंपाक केला. तिथली शिस्त त्याने पुढे हॉटेलात आणली. त्या काळची हॉटेलची स्वयंपाकघरं म्हणजे धूर, आरडाओरडा आणि दारू. एस्कॉफिएने दारू बंद केली, आरडाओरडा बंद केला आणि कामं वाटून दिली. एकाने फक्त सॉस करायचे, एकाने मासे, एकाने भाजणं, एकाने भाज्या, एकाने गोड. त्या सगळ्यांच्या वर शेफ, त्याच्या हाताखाली सू-शेफ. लष्करात तुकडीला ब्रिगेड म्हणतात, तोच शब्द स्वयंपाकघराला लागला. 1903 साली त्याचं मोठं पुस्तक आलं. त्यात पाच हजारांहून जास्त कृती आहेत, आणि ते पगारी स्वयंपाक्यांसाठी लिहिलेलं आहे.

मला विचाराल तर कामाची ही वाटणी आपल्याला नवी नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा वाटेवरच्या गावांत पिठलं-भाकरीचा घाट तुम्ही घातलाच असेल. एक बाई नुसतं पीठ मळून देते. दोघी थापतात. एकजण तव्यापाशी, एकजण आराशी, भाकरी फुगवायला. पिठल्याच्या कढईपाशी तरणी सून, तिचे हात भक्कम म्हणून. आणि जरा बाजूला, खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी. ती काहीच करत नाही. फक्त मधून मधून म्हणते, "आगं, जाळ कमी कर," "मीठ बघू दे." ती तिथली शेफ. एस्कॉफिएला तिचं काम बरोबर कळलं असतं.

पण एस्कॉफिएच्या ब्रिगेडमध्ये ती म्हातारी बसली नसती, कारण त्या मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात बायकांना जागाच नव्हती. बाईने घरी रांधायचं, पुरुषाने हॉटेलात. फ्रान्समध्येही हेच. त्यातून ज्या थोड्या बायका पुढे आल्या, त्यांतल्या एकीचं नाव लक्षात ठेवा: युजेनी ब्राझिए. 1895 चा जन्म, शेतकऱ्याच्या घरातला. दहा वर्षांची असताना आई गेली. गाईडुकरं राखली. एकोणिसाव्या वर्षी लग्नाआधी मूल झालं, बापाने घराबाहेर काढलं. ती लिऑं शहरात एका श्रीमंताच्या घरी कामाला लागली, तिथे स्वयंपाक शिकली. 1921 मध्ये तिने स्वतःची छोटी खानावळ काढली. लिऑंमध्ये अशा खानावळवाल्या बायकांना 'मेर' म्हणत, म्हणजे आई. आपण नाही का मेसवालीला मावशी म्हणत!

आता फ्रान्समध्ये हॉटेलांना तारे देते मिशेलिन नावाची कंपनी. ही कंपनी टायर बनवणारी. लोकांनी गाड्या पळवाव्यात, टायर झिजावेत, म्हणून रस्त्यावरच्या चांगल्या हॉटेलांची माहिती देणारं पुस्तक तिने काढलं. जास्तीत जास्त तारे तीन. 1933 मध्ये ब्राझिएबाईंच्या दोन्ही खानावळींना तीन-तीन मिळाले. एकूण सहा. तोवर कुणालाच, पुरुषालाही, एवढे मिळाले नव्हते. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्या हाताखाली राबला, गाईंच्या धारासुद्धा काढल्या. आणि एवढं असून 1998 साली एका पुरुष शेफला सहा तारे मिळाले तेव्हा कितीतरी वर्तमानपत्रांनी छापलं, 'जगातला पहिला'. बाईंना जाऊन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षं झाली होती.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. एस्कॉफिएचं पुस्तक 1903 चं, आणि त्याच 1903 च्या 16 डिसेंबरला मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. साहेबी हॉटेल म्हटलं की फ्रेंच पद्धतीचं जेवण आलंच. ते रांधायचं कुणी? हे काम बरंचसं गोव्याच्या माणसांनी केलं. गोवा पोर्तुगिजांकडे होता. पाव, सूप, ओव्हनमधलं भाजणं त्या ख्रिस्ती घरांना ओळखीचं. मांसमच्छीला हात लावायला अडचण नाही. गोव्यात पोटापुरतं काम नव्हतं, म्हणून माणसं मुंबईला येत, बोटीवर जात. बोटीवरच्या माणसाला तिकडे 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला गावागावाचे 'कूड' होते. एका गावच्या माणसांनी एकत्र राहायची ती जागा, एक पेटी आणि एक चटई एवढाच संसार. तिथून कुणी बँडमध्ये वाजवायला जाई, कुणी बोटीवर, कुणी हॉटेलात. ताजच्या मुदपाकखान्यात मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस या गोव्याच्या माणसाचं नाव फार मोठं झालं. सगळे त्यांना 'मास्सी' म्हणत.

पण मास्सी शिकले ते काम करता करता. शाळा नव्हती. ती शाळा पुढे निघाली, आणि ती कुणी काढली हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. 1954 साली मुंबईत केटरिंग कॉलेज सुरू झालं, आपल्या देशातलं या विषयाचं पहिलं. ते सुरू केलं अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. म्हणजे बायकांच्या संस्थेने. थंगम फिलिप या बाई तिथे कितीतरी वर्षं प्राचार्य होत्या, त्यांना पद्मश्री मिळाली. आज पंचतारांकित हॉटेलांत जे शेफ दिसतात, त्यांचं शिक्षण बायकांनी घातलेल्या पायावर उभं आहे. त्यांच्यात बायका किती, ते तुम्ही टीव्हीवर बघताच.

आता आपले फ्लॉइड कार्डोझ. जन्म 2 ऑक्टोबर 1960, मुंबईत. घर गोव्याच्या ख्रिस्ती माणसांचं. शिकत होते जीवरसायनशास्त्र, म्हणजे पुढे प्रयोगशाळेत जायची वाट. पण हाती आली आर्थर हेली या लेखकाची 'हॉटेल' नावाची इंग्रजी कादंबरी, आणि तिने डोकं फिरवलं. एका मोठ्या हॉटेलातली धावपळ, माणसं, पडद्यामागचं काम, हे सगळं त्या कादंबरीत आहे. कार्डोझ यांनी ठरवलं, आपण हॉटेलात जायचं. आणि मॅनेजर व्हायला नाही, रांधायला. सायन्स शिकणाऱ्या मुलाने आचारी व्हायचं म्हटल्यावर 1980 च्या सुमाराला आपल्या घरांत काय झालं असतं, याची कल्पना तुम्ही करा. आजही होतं.

मुंबईत स्वयंपाकाचं शिक्षण झालं, मग स्वित्झर्लंडमधल्या हॉटेल-शाळेत, आणि तिथून न्यूयॉर्क. तिथे त्यांना खरा गुरू भेटला. सेंट रेजिस हॉटेलात 'लेस्पिनास' नावाचं फ्रेंच जेवणाचं ठिकाण होतं. त्याचे शेफ होते ग्रे कुन्झ. हे सिंगापूरला जन्मलेले, स्वित्झर्लंडमध्ये थोर शेफच्या हाताखाली घडलेले. फ्रेंच शिस्तीत ते आशियातले मसाले वापरत. न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र त्या काळी हॉटेलांना जास्तीत जास्त चार तारे देत असे. लेस्पिनासला चारही मिळाले होते. कार्डोझ तिथे कामाला लागले आणि पायऱ्या चढत कुन्झ यांच्या खालोखालच्या जागेपर्यंत पोचले.

फ्रेंच स्वयंपाकघरात माणूस शिकतो काय, ते थोडं सांगते, कारण 'फ्रेंच जेवण' म्हटलं की आपल्याला वाटतं मोठी ताटली आणि मधोमध एवढासा घास. ते वरवरचं झालं. खालचं शिक्षण वेगळं असतं. पहिली गोष्ट तयारीची. शेगडी पेटायच्या आधी कांदा चिरलेला, मसाला मोजलेला, भांडं हाताशी, प्रत्येक वस्तू आपल्या जागी. याला त्यांच्यात 'मीझ आं प्लास' म्हणतात, शब्दशः 'जागेवर ठेवणं'. दुसरी गोष्ट रसाची. हाडं, भाज्या तासन् तास मंद आचेवर शिजवून अर्क काढायचा, तो गाळायचा, आटवायचा. या अर्कावर त्यांचे सॉस उभे राहतात. तिसरी गोष्ट चव घेण्याची. ताटली बाहेर जाण्याआधी चाखायचीच. आणि चौथी, रोज तेच आणि तसंच. आज बरं झालं, उद्या बिघडलं, हे चालत नाही. चौथी गोष्ट आईला येत होती. तिची आमटी बारा वर्षं एका चवीची होती. वजनकाटा नव्हता, हात होता.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये हिंदुस्थानी जेवण म्हणजे बहुतेक ठिकाणी लाल-पिवळी ग्रेव्ही, तंदुरी कोंबडी आणि स्वस्तात पोटभर. चवीला बरं, पण मान नव्हता. फ्रेंच जेवणाला जो पैसा लोक मुकाट मोजत, तो हिंदुस्थानी जेवणाला मोजायला तयार नव्हते. ते बदलायचं म्हणून 1998 साली डॅनी मेयर या हॉटेल-मालकाबरोबर कार्डोझ यांनी 'तबला' सुरू केलं, मॅडिसन ॲव्हेन्यूवर, शहरातल्या उत्तम जागी. वरच्या मजल्यावर शाही बेत, खाली 'ब्रेड बार', तिथे गरम नान-रोट्या. भाजी, मासा तिथल्याच मातीतला आणि पाण्यातला, रांधायची शिस्त फ्रेंच, मसाला आपला. गोव्याच्या मसाल्यातल्या खेकड्याच्या वड्या त्यांच्या फार गाजल्या. मासा ते रव्यात घोळवून तळत. रव्यात घोळवलेला मासा गोव्यात कुठल्याही घरी मिळतो. उजनीच्या काठाला भिगवणकडे आता हायवेवरच्या हॉटेलांत चिलापीसुद्धा तशीच मिळते. न्यूयॉर्कमध्ये त्या रव्याला न्यूयॉर्क टाइम्सने तीन तारे दिले.

'तबला' बारा वर्षं चाललं आणि 2010 च्या डिसेंबरात बंद झालं. मोठी जागा, मोठा खर्च, मंदीचे दिवस. हे मी लपवत नाही, कारण यशाच्या गोष्टींत बंद पडलेली दुकानं कुणी सांगत नाही. कार्डोझ यांची आणखीही ठिकाणं निघाली आणि बंद झाली. खाण्याच्या धंद्यात हे असंच असतं, ज्यांनी वडापावची गाडी लावली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, कार्डोझ अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या 'टॉप शेफ मास्टर्स' या स्पर्धेत उतरले. समोर नावाजलेले शेफ. आणि अंतिम फेरीत, जिथे मोठमोठे जिन्नस काढायची वेळ, तिथे या माणसाने लहानपणीच्या आठवणीतला पदार्थ मांडला. कुठला, ते सांगू? उपमा. आपण ज्याला उप्पीट म्हणतो ते.

आता त्यांचं उप्पीट आपल्यासारखं नव्हतं. इटलीत मक्याच्या भरड्याचं घट्ट पिठल्यासारखं काहीतरी करतात, त्याला पोलेंटा म्हणतात. त्या बाजाने त्यांनी ते मऊ केलं, वर रानातल्या अळंब्या, जोडीला आमसूल आणि नारळाचं दूध. आमसूल आणि नारळाचं दूध म्हणजे सोलकढीच की! परीक्षकांनी चाखलं आणि कार्डोझ जिंकले. बक्षीस होतं एक लाख डॉलर, ते त्यांनी कॅन्सरवरच्या संशोधनाला दिलं. त्यांचे वडील कॅन्सरने गेले होते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूही आलं आणि थोडा रागही आला, खरं सांगते. उप्पीट! पाहुणा अचानक आला, घरात काही नाही, की आपण करतो ते. मुलाखतीला आलेल्या मुलाकडच्यांसमोर ठेवतो ते. कुणाला कधी वाटलं नाही की यात काही कसब आहे. रवा किती भाजायचा, कुठल्या क्षणी पाणी घालायचं, गुठळी का होते, हे आपल्या हातांना माहीत आहे, पण आपण त्याला ज्ञान म्हणत नाही. राग यासाठी आला की त्याच उप्पिटाला फ्रेंच मुदपाकखान्यातून जाऊन यावं लागलं, तेव्हा कुठे जगाने वळून बघितलं. पुन्हा विचार केल्यावर वाटलं, यात त्या माणसाचा काय दोष? त्याच्या हाती सगळे फ्रेंच सॉस होते. त्यातलं काहीही करून तो उभा राहू शकला असता. त्याने घरचं उचललं, आणि पदार्थाचं नावही बदललं नाही. टीव्हीवर उपमाच म्हणाला.

पुढे ते मुंबईतही आले. 2015 मध्ये समीर सेठ आणि यश भणगे यांच्याबरोबर त्यांनी 'द बॉम्बे कॅन्टीन' सुरू केलं. विचार असा की आपल्या लोकांनी बाहेर जेवायला जाऊन दरवेळी पनीरच का मागवायचं? आपल्याच देशातल्या गावोगावच्या भाज्या, धान्यं, मासे, ज्या त्या ऋतूतलं, त्यालाच चांगल्या ताटलीत का मान नको? 2017 मध्ये गोव्याच्या जेवणाचं 'ओ पेद्रो' काढलं. आपल्याकडे हुरडा आता लोक पैसे देऊन खायला येतात, ते बघून मला कॅन्टीनची आठवण होते. आपल्या आज्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

पण बॉम्बे कॅन्टीनची जागा बघा. लोअर परळ, कमला मिलचं आवार. म्हणजे गिरणगाव. इथल्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याहून, आपल्या पुणे जिल्ह्यातून माणसं कामाला जायची. बायकापोरं गावी. मग जेवायचं कुठे? चाळीतल्या खानावळीत. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई, बऱ्याचदा विधवा किंवा नवरा आजारी असलेली, वीस-पंचवीस गड्यांना दोन वेळ जेवू घालायची. पैसे महिन्याला पगार झाला की. संप झाला की पैसे बंद, पण गडी उपाशी कसा ठेवायचा? वाण्याचं उधार, सावकाराचं व्याज, सगळं त्या बाईच्या डोक्यावर. बँक दारात उभी करायची नाही.

या बायकांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी एकत्र आणलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. संस्थेचं नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. त्यांचं मोठं काम म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेकडून खानावळवाल्यांना कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला काही नसलेल्या बायकांना, एकमेकींच्या जामिनावर. म्हणजे ज्या रकान्यात आमच्या आईचं 'गृहिणी' झालं, तिथे मुंबईत या बायकांचा 'व्यवसाय' मान्य झाला. आईला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बारामती ते परळ काही लांब नाही, पण बातमी पोचली नाही.

पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या मोडल्या, गडी गावी परतले आणि खानावळीही ओस पडल्या. त्याच आवारांत काचेच्या इमारती उठल्या, हॉटेलं आली. बॉम्बे कॅन्टीनमध्ये जे घरगुती जेवण आज मानाने वाढतात, त्यातलं बरंचसं त्याच भागात पूर्वी ॲल्युमिनियमच्या ताटात वाढलं जात होतं. कुणी वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण जागेचा इतिहास सांगायचा तर दोन्ही ताटं सांगितली पाहिजेत.

शेवटचा भाग थोडक्यात सांगते. 2020 च्या मार्चमध्ये कार्डोझ मुंबईत होते. कॅन्टीनला पाच वर्षं झाली होती आणि भायखळ्याला त्यांच्या मंडळींचं मिठाईचं नवं दुकान उघडलं होतं. लाडू, बर्फी, चिक्की, तेही नव्या ढंगाने. ते न्यू जर्सीला घरी परतले, ताप आला, दवाखान्यात गेले. कोरोना. 24 मार्च 2020 ला गेले, वय 59. त्याच दिवशी रात्री आठला आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली. तो दिवस तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, कुणाची पोरं पुण्यात अडकली होती, कुणाचं दूध सांडून द्यावं लागलं. त्या गोंधळात एका आचाऱ्याची बातमी कोण वाचणार? त्यांचे गुरू ग्रे कुन्झ त्याच महिन्यात, 5 मार्चला वारले होते.

पुढे कार्डोझ यांच्या नावाचे मसाले अमेरिकेत विकायला आले. जाण्याआधी ते त्यावर काम करत होते. पत्नी बरखा कार्डोझ यांनी ते काम पुढे नेलं. गरम मसाला, काश्मिरी मसाला आणि गोव्याचा मसाला. डबीवर त्यांचं नाव आहे.

तर आता एक काम तुम्हाला सांगते. तुमच्या आईची, सासूची, आजीची, शेजारणीची कुणाची बारामतीत, इंदापुरात, भवानीनगरला कारखान्यापाशी, भिगवणला, कुठेही खानावळ असेल, किंवा लग्नाकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला जायची कुणी बाई असेल, तर तिचं नाव, गाव, किती वर्षं केलं आणि तिच्या हातचं काय नावाजलेलं होतं, एवढं एका कागदावर लिहून केंद्रावर आणून द्या. लिहिता येत नसेल तर नुसत्या या, आम्ही लिहून घेऊ. पाटीवर नवऱ्याचं नाव असलं तरी चालेल, पण कागदावर तिचंच लिहा. पुढच्या भाषणात कांदा-लसूण मसाल्याचा इतिहास आहे. त्यात ही नावं मी वाचून दाखवणार आहे. पहिलं नाव माझ्याकडे आहे: सौ. नाही, श्रीमती नाही, नुसती आई, शंभर-सव्वाशे भाकरी रोज, आमटी बारा वर्षं एका चवीची.